शनिवार-रविवारचे भाडे

दिवाणाचा मागचा पाय त्याने बुटाच्या टोकाने बोटभर आत सारला, खिशातली टेप काढली आणि भिंतीपासूनचे अंतर पुन्हा मोजले. अठ्ठावीस सेंटिमीटर. हातातल्या कागदावरही अठ्ठावीसच होते. मग त्याने दिवाणावर चादर अंथरली, उशी ठेवली आणि कागदात लिहिल्याप्रमाणे उशीच्या मधोमध मुठीने हलका खळगा पाडला. नुकतेच कोणी उठून आत गेले आहे असे दिसावे, एवढेच त्या सूचनेखाली लिहिले होते.

भिंत खरी नव्हती. लाकडी चौकटींवर ताणलेले ते फिकट पिवळे कापड होते. अशा नऊ चौकटी होत्या, आणि त्यांच्यामागे हॉलभर आरसे. सोमवार ते शुक्रवार इथे नाचाचा क्लास चाले. शनिवारी दुपारी तीनला रखवालदार त्याच्या हातात किल्ली ठेवी, आणि तीन तासांत तो एकटा तिथे घर उभे करी. चौकटी लावेपर्यंतचा वेळ त्याला नकोसा वाटे. खुर्ची उचलून निघाला की आरशात त्याच्यासोबत आणखी आठ-दहाजण खुर्च्या उचलून निघत, आणि त्यांतला शेवटचा जरा मागे रेंगाळतो आहे असे उगीचच वाटे. म्हणून तो सगळ्यात आधी चौकटी लावायचा.

रविवारी संध्याकाळी पाचला ते घर मोडायचे, गाडीत भरायचे आणि नव्वद किलोमीटरवरच्या गोदामात नेऊन ठेवायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आजचा सातवा शनिवार होता, आणि सात शनिवार सलग एकच भाडे मिळण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती.

सहा चाकांचा ट्रक त्याच्या स्वतःच्या नावावर होता. मालक तो, ड्रायव्हर तो आणि गाडीचा मागचा फाळका बांधणारा क्लीनरही तोच. सोमवार ते शुक्रवार फरशीच्या कारखान्याचा माल असे. शुक्रवारी कारखान्याचा भोंगा झाला की गाडी दोन दिवस घरासमोर उभी. उभ्या गाडीला टायर लागतो, विमा लागतो, कर लागतो. ती फक्त कमावत नाही. दीड वर्ष त्याने शनिवार-रविवारसाठी दारोदार केले. कधी भाजीच्या पेट्या, कधी समारंभाच्या खुर्च्या, एकदा तर एका सर्कशीचा अर्धा तंबू. उरलेला अर्धा कोणी नेला हे त्याला अजून कळलेले नव्हते. पण दुसऱ्या आठवड्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा कधी आले नाही.

त्याच्या मेव्हण्याकडे पाच ट्रक होते. गाडी विकून टाका, माझ्याकडे पगारावर या, असे तो दर भेटीत मनापासून म्हणे. मेव्हणा चांगला माणूस होता, हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर एकदा भांडून विषय संपवता आला असता. वर्ष संपेपर्यंत शनिवार-रविवारचे बांधील भाडे मिळाले नाही तर मेव्हण्याकडे जाईन, असा शब्द त्याने बायकोला दिला होता. म्हणजे आपल्या नावाची पाटी उतरवून दुसऱ्याचे स्टिअरिंग धरायचे.

वर्ष संपायला दोन महिने उरले असताना ट्रान्सपोर्टच्या दलालाने त्याला बोलावून घेतले.

"या मालक, बसा. तुमचं ग्रहण सुटलं एकदाचं."

"काय माल आहे?"

"संसार."

"घर हलवायचंय? मग ते एकदाच होईल."

"दर आठवड्याला हलवायचंय. शनिवारी न्यायचा, रविवारी परत."

"दर आठवड्याला घर कोण बदलतं हो?"

दलालाने वेलदोडा दाढेखाली सारला. "तुम्हाला भाडं हवंय की गोष्ट हवीय? अट एकच. दर वेळी तोच माणूस पाहिजे, आणि एकटा. हमाल चालणार नाहीत. नेऊन टाकायचं नाही, कागदाप्रमाणे लावून द्यायचं."

त्याने गोष्ट मागितली नाही.

भाडे देणाऱ्या आणि तो कागद काढणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला. बोलणे मोजके, कानामागे पेन्सिल. त्यांचा कागद म्हणजे नकाशाच होता. प्रत्येक वस्तूला चौकोन, प्रत्येक चौकोनाला मापे. शिवणयंत्र, त्याच्या उजव्या हाताला बटणांचा डबा. गोल टेबल. वेताची खुर्ची. आठ कप, त्यांतला कान तुटलेला पुढे. कितीतरी वर्षांपूर्वीचे कॅलेंडर, पान उलटायचे नाही. एका चौकटीला खिडकी होती. तिला पडदा होता आणि पडद्यामागे दोन दिवे. डावा लावला की खोलीत सकाळ होई, उजवा लावला की दुपार कलू लागे. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: रविवारी दहा ते पाच वर यायचे नाही.

शनिवारी सहाला बाई तपासायला येत. त्यांची तपासण्याची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. त्या दारात चपला काढत, डोळे मिटत आणि मिटल्या डोळ्यांनीच घरातून फिरत. चालताना कुठे अडखळत नसत. हात सहज बाजूला जाई आणि तिथे टेबलाची कड असे, हात वर जाई आणि तिथे पडदा असे. दुसऱ्या शनिवारी त्यांचा हात फळीकडे गेला आणि हवेतच थांबला. बोटे अर्धी मिटलेली, कप धरल्यासारखी. त्यांनी डोळे उघडले नाहीत, हातही मागे घेतला नाही. तो घाईने पुढे झाला आणि कान तुटलेला कप दोन बोटे सरकवून त्या हाताखाली आणला. बोटे कपाभोवती मिटली, आणि बाई पुढच्या वस्तूकडे वळल्या.

"कोणाचं सामान असतं ते?" बायकोने एकदा विचारले.

"एका बाईंचं."

"बरंय बाई त्यांचं. दर शनिवारी त्यांचं घर लावून देता, आणि आपल्या न्हाणीघराची कडी तीन महिने लोंबतेय."

तो हसला आणि त्याच दिवशी कडी बसवायची ठरवून विसरला.

रविवारी दहा ते पाच तो मागच्या गल्लीत गाडी लावून केबिनमध्ये पडून राही. वरून कधी आवाज येत नसे. एकदाच, दुपारी, शिवणयंत्र चालल्यासारखे वाटले होते. पाचला वर जावे तर घरात कोणी नसे, पण घर वापरलेले असे. कपाच्या तळाशी चहा, यंत्राच्या सुईत निळा दोरा. त्याने मुठीने पाडलेला उशीचा खळगा आता मुठीचा राहिलेला नसे, डोक्याचा झालेला असे. तो उशी थोपटून सपाट करी आणि गाडीत टाकी. विचार करायचा नाही असे त्याने ठरवले होते. बांधील भाडे मिळायला दीड वर्ष लागले होते.

आठव्या रविवारी अकराच्या सुमाराला तो केबिनमध्ये पाय लांब करायला गेला आणि टाचेला काहीतरी गार लागले. बटणांचा डबा. काल भरताना हातात राहिला म्हणून सीटखाली ठेवलेला. काल बाई घाईत होत्या, यंत्राच्या बाजूला गेल्या नव्हत्या, म्हणून निभावले होते.

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. वर जावे तर अट मोडते. न जावे तर नकाशातली वस्तू जागेवर नाही. दोन्हीकडून भाडेच जाणार होते. शेवटी त्याने डबा बगलेत धरला आणि जिना चढला.

वेताच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, गुळगुळीत दाढी केलेली, गुडघ्यावर घडी घातलेली शाल. बाई खाली बसून त्याच्या पायाची नखे कापत होत्या. दारात याला पाहताच त्यांचा हात जागच्या जागी थांबला आणि चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"डबा आणलास?" म्हातारा सहज म्हणाला. "ठेव तिथं, यंत्रापाशी. अगं, त्याला चहा दे."

बाईंच्या जिवात जीव आला. त्या उठल्या आणि चौकटीआड, जिथे कागदाप्रमाणे स्वयंपाकघर होते, तिथे गेल्या. म्हाताऱ्याने त्यांची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि बोटाने याला जवळ बोलावले.

"त्या दोन चौकटींच्या मधे फट राहिलीय. मागचा आरसा दिसतोय. सकाळपासून मी स्वतःलाच बघतोय."

तो खुळ्यासारखा उभा राहिला. "तुम्हाला... माहीत आहे?"

"चाळीस वर्षं राहिलो मी त्या घरात. पाडलं तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभा होतो. पहिली भिंत कुठली पडली ते सांगू?" म्हाताऱ्याचा आवाज कुजबुजीच्या वर गेला नाही. "हे सगळं तिच्यासाठी आहे. तिच्या मनातून ते घर जात नाही. वृद्धाश्रमाची गाडी मला इथं आणून सोडते, मी दिवसभर बसतो, म्हणेल ते खातो. रविवार बरा गेला की पुढचे सहा दिवस ती माणसात असते."

"मग एकदा बोलून का नाही टाकत?"

"तू फट बुजव," म्हातारा म्हणाला. "आणि गप्प राहा."

चहा पिऊन तो निघाला तेव्हा बाई जिन्यापर्यंत आल्या. रागावतील असे त्याला वाटले होते. पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"बाबांना आता काही कळत नाही. घर पाडलं हेच त्यांच्या लक्षात नाही. त्यांना वाटतं, ते अजून तिथंच राहतात. त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे." त्या थांबल्या. "तुमच्याशी काही बोलले?"

जिन्यात आणखी कोणी नव्हते. खाली गल्लीत त्याची गाडी दिसत होती. दारावर त्याच्या नावाची पाटी होती, ऊन पडून अक्षरे चमकत होती.

"डबा ठेव म्हणाले," तो म्हणाला.

केबिनमध्ये येऊन त्याने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. एक वाक्य पुरेसे होते. वर जाऊन दोघांसमोर ते बोलला असता तर चौकटी, दिवे, कॅलेंडर, सगळे त्याच दिवशी संपले असते. बाप-लेक एखाद्या बागेत बाकावर बसली असती, जे गेले त्याबद्दल रडली असती, चार खऱ्या गोष्टी बोलली असती. आणि पुढच्या शनिवारी याची गाडी घरासमोर उभी राहिली असती. आपल्याला काय करायचंय, असे तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. केबिनमध्ये ते जरा जास्तच मोठ्याने ऐकू आले.

वर्ष संपले. मेव्हण्याला त्याने ऐटीत नाही म्हणून सांगितले, गाडीला नवी ताडपत्री घेतली. आता रविवारी चहाच्या वेळी बाई त्याला वर बोलवत. लेक आत गेली की म्हातारा कुजबुजून चुका सांगे: पडदा उलटा लावलायस, घड्याळ मिनिटभर मागे आहे. बाप डुलकी घेऊ लागला की लेक कुजबुजून सांगे: आज बाबा किती शांत आहेत, पाहिलंत? हा दोघांना मान डोलवी. त्याला आता कागद लागत नसे. अठ्ठावीस सेंटिमीटर त्याच्या पावलाला कळत होते. कधीकधी तो रात्री पाणी प्यायला उठे आणि आपल्याच घरात, जिथे काही नाही तिथे, टेबलाच्या कडेसाठी हात पुढे करी.

मग एका गुरुवारी, कारखान्यात गाडी भरत असताना, बाईंचा फोन आला.

"बाबा गेले. मंगळवारी."

त्याच्या मनात पहिल्यांदा आले ते भाडे. ते आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली.

"फार वाईट झालं, बाई."

"हो." मागे कचेरीतले टाइप केल्याचे आवाज येत होते. "शनिवारी नेहमीसारखं. तीन वाजता."

"बाई, पण आता..."

"कागद गोदामात ठेवलाय. नवीन आहे."

नवा कागद जुन्यासारखाच होता. तेच चौकोन, तीच मापे. शोधूनही त्याला फरक सापडेना, आणि सापडला तेव्हा तो गोदामाच्या दारातच खाली बसला. वेताच्या खुर्चीच्या चौकोनात पेन्सिलीने एक लहानसा गोल काढला होता. त्याला माप नव्हते. शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: दहा ते पाच.

परत जावे असे त्याला वाटले. पण गाडीत अर्धा संसार भरून झाला होता, आणि भरलेली गाडी रिकामी करायची त्याला सवय नव्हती. म्हणजे असे त्याने स्वतःला सांगितले. खरे तर जिन्यात न बोललेले ते वाक्य त्याला सोडत नव्हते. त्याने वेळेवर तोंड उघडले असते तर या बाईला बापासोबत पाच-दहा तरी खरे रविवार मिळाले असते. ते त्याने गाडीच्या ताडपत्रीत घातले होते.

सहाला बाई आल्या. चपला काढल्या, डोळे मिटले. दिवाण, यंत्र, डबा, फळी, कप. वेताच्या खुर्चीपाशी त्यांचा हात खाली आला आणि हवेत थांबला, माणूस बसला तर खांदा जिथे येईल तिथे. तळवा खाली, बोटे जराशी वाकलेली. चेहऱ्यावर दुःख नव्हते, विनवणी नव्हती. वस्तू जागेवर नव्हती, एवढेच.

भिंतीवरचे घड्याळ चालत होते. हात तसाच राहिला. तो मनगटापाशी थरथरू लागला तरी राहिला.

हा पुढे झाला आणि खुर्चीत बसला. हात त्याच्या खांद्यावर टेकला.

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि डोळे उघडून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला त्याने तोंड धुतले आणि वर जाऊन बसला. फारसे काही करावे लागले नाही. बाईंनी डावा दिवा लावला, चहा दिला, कचेरीत या आठवड्यात काय झाले ते सांगितले. तो हं म्हणाला. दुपारी त्या यंत्रावर बसल्या, तो दिवाणावर पडला आणि चक्क झोपला. जाग आली तेव्हा उजवा दिवा लागलेला होता आणि अंगावर शाल होती. वीस वर्षांत दिवसाउजेडी आपल्या अंगावर कोणी पांघरूण घातले नव्हते, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याला बरे वाटले. नेमके याचेच त्याला भय वाटले. पाचला तो उठला, सदरा बदलला आणि ज्या दिवाणावर झोपला होता तो उचलून गाडीत घातला.

असे पाच आठवडे गेले. बाई आधी त्याला कसलीच हाक मारत नसत, मग एकदा 'बाबा' म्हणाल्या, आणि त्याने मान वर केली. खरे सांगून टाकावे असे प्रत्येक रविवारी त्याच्या मनात येई. तुमच्या वडिलांना सगळे कळत होते, ते तुमच्यासाठी येत होते. पण आता त्याने कोणाचे भले होणार होते? जे ऐकून आनंद व्हायला हवा होता त्याला आता उशीर झाला होता.

सहाव्या रविवारी, पाच वाजता, तो दिवाणाला हात घालणार तोच बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगाला डिझेलचा वास येतो."

"गाडीवर असतो मी, बाई."

"हाताला फाळक्याचे ओरखडे आहेत. बाबांचे हात तसे नव्हते." त्या पेन्सिलीने कागदावर काहीतरी खोडत होत्या. "पुढच्या आठवड्यापासून सामान दुसरी गाडी आणेल. मी बोललेय. तुम्ही फक्त रविवारी यायचं, दहाला. बसने या."

त्याचे टाळके फिरले. "बाई, मी भाड्यासाठी आलो होतो. माझी गाडी आहे. माझी गाडी शनिवार-रविवार उभी राहू नये म्हणून तर मी..."

"उभ्या गाडीचंही भाडं देईन. पूर्ण."

"ते नाही म्हणत मी!"

"बाबा कधी सामानाच्या गाडीतून आले नाहीत," बाई म्हणाल्या. दाराची रुंदी सांगावी तशा.

तो पाय आपटत जिना उतरला. यापुढे इथे पाऊल ठेवायचे नाही असे ठरवून त्याने गाडी काढली आणि वाटेतच दलालाला फोन लावला. दुसरे काहीही बघा म्हणाला, मिळेल ते. दलालानेही नशीब काढले. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा हा घरात बसून नखे घासत होता. नखांतले काळे तेल साबणाने जात नव्हते.

"मालक, पेढे काढा! पाण्याच्या बाटल्या. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस, वर्षभराचा करार. माल हलका, रस्ता चांगला. असं भाडं माझ्या उभ्या जन्मात आलं नव्हतं. या शनिवारपासून गाडी लावायची."

एके काळी दीड वर्ष त्याने याच फोनची वाट पाहिली होती. त्याने ब्रश खाली ठेवला. हो म्हणायला तोंडही उघडले. आणि त्याला तो हात दिसला, खुर्चीच्या वर, हवेत, थरथरणारा, मागे न जाणारा. रविवारी दहानंतर तो हात कितीही वेळ तसाच राहील हे त्याला माहीत होते. त्याच्याइतके ते कोणालाच माहीत नव्हते.

"शनिवारी चालेल," तो म्हणाला. "रविवारचं नाही जमणार."

"अहो, दोन्ही दिवसांचा करार आहे. एक दिवस तोडून कसा देणार? रविवारी काय आहे तुम्हाला?"

"रविवारी मी घरी असतो."

दलाल काही वेळ बोलला, मग ओरडला, मग त्याने फोन ठेवला. दारात बायको उभी होती. हातातल्या कपड्याची घडी अर्धीच राहिली होती.

"कोणाच्या घरी?" तिने विचारले.

त्याने ब्रश उचलला आणि पुन्हा नखे घासू लागला.

रविवारी त्याने दोनदा दाढी केली. पांढरा सदरा घातला. गाडी घरासमोर ताडपत्री ओढून उभी होती; तिच्यावर हात न ठेवता तो बाजूने निघून गेला आणि बस पकडली. हॉल लावून तयार होता. कोणीतरी कागदाप्रमाणे ठीकठाक लावला होता, मापात कुठे खोट नव्हती. तो वेताच्या खुर्चीत टेकला. बाईंनी गुडघ्यांवर शाल घातली, डावा दिवा लावला, आणि सकाळ झाली.

अकराच्या सुमाराला मागच्या गल्लीत कोणीतरी हॉर्न वाजवला. कोणाच्या तरी मोटारीला वाट हवी होती. मग ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. गिअर पडेना, पडला तो करकरत, आणि गाडी रेस होत होत मागे येऊ लागली. डावीकडे भिंत होती. स्टिअरिंग फार लवकर वळवले होते. खुर्चीत बसल्या जागी त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला आणि बोटे खुर्चीच्या हातावर वळली.

यंत्राचे चाक थांबले. बाईंनी मान वर करून पाहिले.

"काय झालं, बाबा?"

खाली इंजिन बंद होईपर्यंत त्याने कान दिला. मग पाय सैल सोडला आणि शाल नीट केली.

"काही नाही गं," तो म्हणाला. "गाडीवाला नवीन दिसतोय."